धुळीतून दिसते ते किती खरे?

गढूळ पाणी, धुके, दूध, धूर आणि माणसाची कातडी या पाच वस्तूंत सारखे काय, असा प्रश्न आम्ही विचारला तर वाचक म्हणतील की निवृत्तीनंतर सिस्टरबाईंना कोडी घालण्याचा नाद लागला. परंतु या पाचही वस्तूंत उजेड शिरतो, त्यांतून बाहेरही येतो, आणि तरीसुद्धा पलीकडचे नीट दिसत नाही. उजेड असून न दिसणे, हा या लेखाचा विषय आहे. विषय शास्त्राचा खरा; पण आमचे आयुष्य इस्पितळात गेल्यामुळे आम्ही तो वॉर्डातल्या भाषेत सांगणार आहोत. शास्त्र शिकलेल्या वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आम्ही मुंबईत शाळा शिकलो, नर्सिंगचा कोर्सही तिथेच केला, आणि १९८७ साली भारतीय पासपोर्टवर रियाधला नोकरीला गेलो. आपल्यापैकी फारसे कोणी तिकडे गेले नाही. आम्ही कसे गेलो, तिथे काय सांगितले आणि काय सांगितले नाही, तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी. नऊ वर्षे एका खासगी इस्पितळात काम केले आणि मग इस्रायलला येऊन बीरशेब्यात राहिलो.

रियाधला असताना इस्पितळाची बस आम्हा नर्सेसना आठवड्यातून एकदा बाजारहाटासाठी बत्ह्यात सोडत असे. अरबीत बत्हा म्हणजे ओढ्याचे रुंद, वाळूगोट्यांचे पात्र. जुन्या शहरात, मस्मक किल्ल्यापासून जवळच हा भाग आहे. तिथे पाणी आम्ही कधी पाहिले नाही, पण शुक्रवारी माणसांचा पूर मात्र दर वेळी पाहिला. केरळी, बंगाली, पाकिस्तानी, फिलिपिनो, येमेनी, सुट्टीच्या दिवशी सगळे तिथे. कोणी गावाकडच्या माणसाला भेटायला, कोणी पैसे पाठवायला, कोणी नुसतेच उभे राहायला. अबाया सावरत त्या गर्दीतून मसाल्याच्या दुकानापर्यंत जायचे म्हणजे अर्धा तास लागे.

आणि एखाद्या संध्याकाळी धूळ येई. रियाधची धूळ ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. १० मार्च २००९ रोजी तिथे एवढे मोठे वादळ आले की विमानतळ बंद ठेवावा लागला. आमच्या वेळी आम्ही त्याहून लहान वादळे पाहिली. दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे लागलेले असत, पण अक्षरे दिसत नसत. प्रत्येक दिव्याभोवती चंद्राला पडते तसे खळे पडलेले असे आणि सगळा रस्ता पिवळसर उजेडाने भरून गेलेला असे. अंधार नव्हता, हे ध्यानात घ्यावे. उजेड पुष्कळ होता, पण कोणता किरण कोणत्या दिव्याचा, याचा हिशेब बिघडलेला होता.

शास्त्रज्ञ याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात. वाटेत कण आडवा आला की किरण त्याच्यावर आपटून दिशा बदलतो. कण फारच बारीक, म्हणजे हवेच्या रेणूंएवढे असतील, तर निळा रंग तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो. लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली याचा नियम मांडला आणि आकाश निळे का हे कळले. १९२१ साली सी. व्ही. रामन विलायतेहून नरकुंडा बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग म्हणजे निव्वळ आकाशाचे प्रतिबिंब, हे त्यांना पटेना. पाण्याचे रेणूच उजेड विखुरतात, असे टिपण त्यांनी बोट मुंबईला लागेपर्यंत लिहूनही टाकले. कण मोठे असले, म्हणजे धुळीचे, धुक्याचे किंवा दुधातल्या स्निग्धाचे, तर नियम बदलतो. त्याचे गणित १९०८ साली गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने केले. मोठ्या कणावर आपटलेला उजेड बहुतेक पुढेच जातो, फक्त जरासा तिरपा होऊन. आपल्या शरीरातल्या पेशी आणि त्यांच्या आतले कण याच जातीचे आहेत.

आता ज्या रुग्णामुळे हा विषय आमच्या मनात घर करून बसला, त्याच्याविषयी सांगतो. तो आमच्या आजोळच्या बाजूचा, म्हसळ्याकडचा मुसलमान गडी. बागेत कामाला होता. खजुराची झावळी तोडताना तिचे टोक डोळ्याला लागले. ओळखीच्या कोणीतरी लाली घालवणारे थेंब दिले. थेंब स्टिरॉइडचे होते. लाली गेली, आठ दिवस बरे वाटले, आणि मग बुबुळावर पांढरा ठिपका वाढू लागला. आमच्याकडे आला तेव्हा तो बाजरीच्या दाण्याहून मोठा झाला होता. डॉक्टरांनी डोळा बधिर करून ठिपक्याचा पृष्ठभाग खरवडला, काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बुरशीचे धागे दिसले. बुरशीवरचे औषध सुरू झाले. आमच्यात मराठी बोलणे होई, म्हणून तो आमचीच वाट पाहत बसे. महिन्यांनी डोळा शांत झाला, पण मागे फूल राहिले. आपल्याकडे डोळ्यात फूल पडले म्हणतात, तेच. आम्ही त्याचा चांगला डोळा झाकून विचारले, काय दिसते? तो म्हणाला, "बाय, उजेड दिसतो, पन उजेडात काय दिसत नाय."

नेत्रशास्त्राच्या पुस्तकात आम्ही पुष्कळ व्याख्या वाचल्या, पण याहून नेमकी वाचली नाही.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. तो कोलॅजनच्या अतिबारीक तंतूंचा बनलेला आहे. तसे पाहिले तर आपले अंग झाकणारी कातडीही कोलॅजनचीच, पण तिच्यातून आरपार दिसत नाही. हा फरक का, याचे उत्तर १९५७ साली डेव्हिड मॉरिस यांनी दिले. कॉर्नियातले तंतू सारख्या जाडीचे आणि सारख्या अंतरावर मांडलेले असतात. त्यामुळे बाजूला विखुरणारा उजेड आपसांत कटून जातो आणि सरळ जाणाराच उरतो. पुढच्या संशोधकांनी दाखवले की मांडणी अगदी काटेकोर नसली तरी चालते, पण ती हवी. सूज आली, बुरशी शिरली किंवा जखम भरताना तंतू वेडेवाकडे विणले गेले, की मांडणी मोडते आणि काच दुधाळ होते.

म्हणजे पाहा, अडचण कशी दुहेरी आहे. ज्या जागी रोग आहे तीच जागा गढूळ होते. आणि डॉक्टरला नेमके त्याच जागेच्या आत पाहायचे असते.

यावर एक उपाय मार्विन मिन्स्की या अमेरिकन माणसाने काढला. पुढे तो संगणकाच्या बुद्धिमत्तेच्या शास्त्रासाठी प्रसिद्ध झाला, पण १९५५ च्या सुमारास तो हार्वर्डला होता आणि मेंदूतल्या पेशी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत हे त्याला पाहायचे होते. मेंदूचा जाड तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सगळीकडून विखुरलेला उजेड येई आणि नुसते धुके दिसे. त्याने विचार केला की सगळे एकदम पाहायचेच कशाला? एका वेळी एकाच बिंदूवर उजेड टाकावा, आणि परत येणाऱ्या उजेडाच्या वाटेत एक बारीक छिद्र ठेवावे. त्या बिंदूतून आलेला उजेड छिद्रातून जाईल. वरून, खालून, बाजूने आलेला छिद्राच्या कडेला आपटून तिथेच थांबेल. मग बिंदू बिंदू करून चित्र जुळवायचे. चित्र दाखवायला त्याने लष्कराच्या मोडीतला रडारचा पडदा वापरला. १९६१ साली त्याला पेटंट मिळाले. यालाच कॉनफोकल सूक्ष्मदर्शक म्हणतात. उन्हात लांबचे पाहताना आपण मुठीची नळी करून डोळ्याला लावतो. तत्त्व तसेच, फक्त नळी फार हुशारीने लावलेली.

आज या यंत्राने कॉर्निया न खरवडता जिवंत डोळ्यात बुरशीचे धागे आणि अकांथामीबा नावाच्या जंतूच्या गाठी पाहता येतात. आमच्या म्हसळ्याच्या गड्याच्या वेळी आमच्याकडे ते नव्हते.

परंतु छिद्रालाही मर्यादा आहे, आणि या लेखाचे मर्म इथेच आहे. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा रेहोवोतच्या बाजूला एका प्रयोगशाळेत हेच काम करतो. गढूळ पदार्थात उजेडाचे काय होते, याची संगणकावर नक्कल करायची. सुट्टीला आला तेव्हा आम्ही त्याला विचारले, "अरे, यंत्र समोर आहे, डोळा समोर आहे, मग नक्कल कशाला?" तो आपल्या अर्ध्या हिब्रू मराठीत म्हणाला, "मावशी, छिद्रातून आलेला उजेड सांगत नाही ना, मी सरळ आलो की भटकत आलो. नकलेत मला ते माहीत असते."

हे आम्हाला एकदम पटले. तो पद्धत समजावून सांगत होता आणि आमच्या डोळ्यांसमोर शुक्रवारचा बत्हा उभा राहिला. एक माणूस बसमधून उतरून सोन्याच्या दुकानाकडे निघाला आहे असे समजा. थोडे चालला की धक्का लागतो. धक्क्याने तो एकदम मागे फिरत नाही, किंचित वळतो. पुन्हा चालतो, पुन्हा धक्का. असे दहाएक धक्के लागले की आपण निघालो कोणत्या दिशेने हे तो विसरून जातो. कोणी मध्येच चहाच्या दुकानात शिरतो तो बाहेरच येत नाही. तो उजेड शोषला गेला असे समजावे. कोणी फिरत फिरत पुन्हा बसपाशीच येतो. आणि एखादा भाग्यवान सरळ दुकानात पोचून सरळ परत येतो. आपल्याला दुकानाची खबर हवी असेल तर तोच खरा निरोप्या.

संगणक अशा लाखो प्रकाशकणांना एकेक करून सोडतो. पुढचा धक्का किती अंतरावर लागेल आणि लागल्यावर किती वळायचे, हे दर वेळी फासा टाकून ठरवतो; पण फासा असा घडवलेला की लाखोंची सरासरी निसर्गाशी जुळावी. प्रत्येक कणाचा जणू केसपेपर ठेवलेला असतो: कुठे दाखल झाला, किती धक्के खाल्ले, किती खोल गेला, वजन किती उरले, कुठून बाहेर पडला. नर्सला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

या पद्धतीला मोनॅकोतल्या जुगाराच्या गावावरून माँटे कार्लो म्हणतात. तिची कल्पना स्तानिस्लाव उलाम या गणितज्ञाला १९४६ साली सुचली. तो मेंदूच्या मोठ्या दुखण्यातून उठत होता आणि वेळ जावा म्हणून एकट्याने पत्ते खेळत बसे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने सुटेना. तेव्हा शंभर डाव खेळून मोजावे हे सोपे, असे त्याच्या मनात आले. रुग्णाला पत्ते खेळू द्यावेत की नाही यावर आम्ही वॉर्डात पुष्कळ वाद ऐकले आहेत. आमचे मत आता पक्के झाले. १९४९ साली मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी पद्धत छापून जाहीर केली. शरीरातल्या उजेडासाठी १९८३ साली विल्सन आणि अॅडम यांनी ती वापरली, आणि १९९५ साली लिहाँग वाँग, स्टीव्हन जॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा जो प्रोग्राम सर्वांना खुला केला त्याच्यावर आजही पोरे शिकतात. धक्का लागल्यावर किती वळायचे, याचे त्यातले सूत्र हेन्यी आणि ग्रीनस्टाइन या खगोलशास्त्रज्ञांनी १९४१ साली ताऱ्यांमधल्या धुळीसाठी तयार केले होते. आकाशातल्या धुळीचे सूत्र कातडीला लागू पडते, हे ऐकून आम्हाला बत्ह्यातली धूळ आठवली.

आता थोडे आकडे. कातडीसारख्या पदार्थात प्रकाशकण सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जातो न जातो तो धक्का खातो. अशा प्रत्येक टप्प्याला न भटकलेले कण सुमारे ३७ टक्केच उरतात. ०.३ मिलिमीटर खोल पाहायचे तर जाताना तीन टप्पे, येताना तीन, एकूण सहा. म्हणजे चारशेंत एक सरळ राहिला. ०.५ मिलिमीटरला दहा टप्पे. बावीस हजारांत एक. उरलेले सगळे नष्ट झालेले नाहीत, भटकत आहेत. त्यांतले काही योगायोगाने छिद्राच्या तोंडाशी येतात आणि आत शिरतात. छिद्र त्यांना "कुठून आलास?" असे विचारत नाही. वरच्या थरांत खरे निरोपे जास्त असतात. खाली जावे तसे ते कमी होतात आणि भटके वाढतात. आणि एका खोलीनंतर पडद्यावर चित्र दिसतच राहते, पण ते त्या जागेचे नसते.

हे वाक्य आमच्या मनाला फार लागले. यंत्र बंद पडले तर कोणालाही कळते. यंत्र चालू राहून चुकीचे दाखवू लागले तर कळायला केसपेपर लागतो, आणि तो फक्त नकलेत मिळतो. ती सांगते की अमुक गढूळपणा असेल तर अमुक खोलीपर्यंतच विश्वास ठेवा.

नक्कल तरी खरी कशावरून? ती ताडून पाहायला हे लोक प्रयोगशाळेत मुद्दाम गढूळ द्रव तयार करतात. भाच्याने बाटलीचे नाव सांगितले तेव्हा आम्ही चकित झालो. ते होते इंट्रालिपिड! जे रुग्ण तोंडाने खाऊ शकत नाहीत त्यांना शिरेतून देतात ते पांढरे स्निग्ध. आम्ही अशा कितीतरी बाटल्या लावल्या. रात्रपाळीला थेंब मोजत बसलो. त्याच द्रवाचे बारीक कण उजेड कसा विखुरतात याची मोजमापे झालेली असल्यामुळे तो कृत्रिम कातडीसारखा वापरतात. नकलेचा आकडा आणि बाटलीतला आकडा जुळला तर पुढे जायचे. शिवाय नकलेच्याही उणिवा आहेत. उजेड म्हणजे नुसते गोळे नव्हेत, लहरीही आहेत. भिंगाने जमवलेला उजेड एका टोकदार बिंदूत मावत नाही, त्याचा ठिपका पडतो. साध्या नकलेत हे येत नाही, म्हणून नव्या प्रोग्रामांत दोन्ही हिशेब एकत्र करतात. भाच्याचा दिवस त्यातच जातो.

कोणी म्हणेल, डोळ्याची ही यंत्रे आमच्या घरी थोडीच येतात? मग घरात असलेल्या यंत्राचेच उदाहरण देतो. कोविडच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनियराने १९७४ साली ज्या तत्त्वाची वाट दाखवली त्यावर ते चालते: बोटातून दोन रंगांचा उजेड पाठवायचा आणि किती पोचला ते मोजायचे. पण बोटसुद्धा गढूळ पदार्थच. त्यात कातडीचा काळेपणा उजेड शोषतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली होते, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळले आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. आपल्या कोकणच्या रंगाच्या माणसांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अशी यंत्रे घडवताना सर्व रंगांच्या कातड्यांची नक्कल आधी करून पाहावी आणि मग सर्व रंगांच्या माणसांवर तपासावी, असा आग्रह आता धरला जातो, तो योग्यच आहे. गोऱ्या बोटाला जे खरे ते सावळ्या बोटालाही खरे असेल, असे गृहीत धरून कोणाचा जीव पणाला लावता येत नाही.

पुढची आशाही सांगितली पाहिजे. विखुरलेला उजेड वाया गेला असे मानण्याची आता गरज नाही. गढूळ थर हलत नसेल तर विखुरण्याला ठरावीक रीत असते, आणि रीत कळली की ती उलटवता येते. २०१२ साली रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत ओरी कात्झ, एरान स्मॉल आणि यारोन सिल्बरबर्ग यांनी पातळ गढूळ थरातून साध्या उजेडाने पलीकडची आकृती पाहून दाखवली. जिवंत शरीर मात्र स्थिर नसते. रक्त वाहते, श्वास चालतो, डोळा हलतो. म्हणून प्रयोगशाळेतून वॉर्डात यायला वेळ लागेल. आम्ही वाट पाहू.

तोवर वाचकांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, डोळ्याला काडी, पाते, झावळी लागली तर मध, गुलाबपाणी, दूध यांतले काही घालू नये, आणि शेजाऱ्याकडचे उरलेले थेंब तर मुळीच नाही. बुरशी असेल तर स्टिरॉइड तिला खतपाणी घालते. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जावे. दुसरी, यंत्राने आतले चित्र दाखवले की "काय दिसते?" एवढे विचारून थांबू नये. "हे कुठवर खात्रीने दिसते?" असेही विचारावे. डॉक्टरांना राग येत नाही. चांगल्या डॉक्टरला तर आनंद होतो. आणि समजा तो म्हणाला की इथून खाली मला खात्री नाही, खरवडून पाहिले पाहिजे, तर घाबरून दुसरीकडे पळू नये. ज्याला आपल्या नजरेची हद्द ठाऊक आहे, त्याच्या हाती डोळा द्यायला हरकत नाही.